देवद्वारीचा राखणदार आणि त्याच्या काठीची मर्यादा

माघ वद्य चतुर्दशी जवळ येऊ लागली की मराठवाड्यातील भाविकांची मने औंढ्याकडे ओढ घेऊ लागतात. सेनगाव तालुक्यातील पुसेगावही याला अपवाद नाही. हे पुसेगाव हिंगोली जिल्ह्यातील. सेवागिरी महाराजांच्या नावाने प्रसिद्ध असलेले सातारा जिल्ह्यातील पुसेगाव वेगळे. नामदेवरायांचे जन्मस्थान म्हणून वंदिले जाणारे कयाधूकाठचे नरसी याच परिसरातले, आणि बारा ज्योतिर्लिंगांपैकी आठवे मानले जाणारे औंढा नागनाथही याच जिल्ह्यातले. उपवासाची तयारी, बेलपत्रे, कोऱ्या वस्त्राची घडी आणि 'यंदा तरी पिंडीवर हात टेकवायचा' हा वृद्धांचा संकल्प, या साऱ्यांसह कुटुंबेच्या कुटुंबे महाशिवरात्रीला त्या दिशेने निघतात.

औंढ्याला जाऊन आलेल्या प्रत्येकाला तेथील गाभारा ठाऊक आहे. नागनाथाची पिंड सभामंडपाच्या पातळीवर नाही. भुयारासारख्या अरुंद वाटेने, दगडी पायऱ्यांवरून, अंग चोरून खाली उतरावे लागते. खाली जागा थोडी, छत ठेंगणे, हवा कोंडलेली. एका वेळी मोजकीच माणसे तेथे मावतात आणि वर मात्र हजारोंची रांग उभी असते. अशा जागी दारात कोणीतरी उभे राहिलेच पाहिजे. 'थांबा', 'आता चला', 'मागे व्हा' असे कोणीतरी म्हटलेच पाहिजे. नाहीतर भक्तीचाच पूर भक्तांना बुडवील.

हा दारात उभा असलेला मनुष्य कोण? आजच्या काळात मोठ्या देवस्थानांतून, जत्रांतून, उत्सवमंडपांतून तो पुष्कळदा खाजगी सुरक्षा रक्षक असतो. अंगात गणवेश, गळ्यात ओळखपत्र, हातात कधी काठी. तो पोलीस नव्हे, पुजारी नव्हे, स्वयंसेवकही नव्हे. पगारावर नेमलेला राखणदार आहे. त्याने बळ वापरावे काय? वापरावे तर किती? आणि त्याचे बळ कोठे थांबावे? उत्सवाच्या दिवशी हा प्रश्न रूक्ष वाटण्याचा संभव आहे. परंतु भाविक वाचकहो, आपल्या पुराणांनी आणि संतांनी हाच प्रश्न फार पूर्वी विचारलेला आहे, आणि त्याचे उत्तरही देऊन ठेवलेले आहे.

जय-विजयांची वेत्रयष्टी

श्रीमद्भागवताच्या तिसऱ्या स्कंधातील कथा सर्वांच्या परिचयाची आहे. सनक, सनंदन, सनातन आणि सनत्कुमार हे ब्रह्मदेवाचे मानसपुत्र वैकुंठास गेले. वयाने सर्वांहून ज्येष्ठ, पण दिसावयास पाच वर्षांची दिगंबर बालके. सहा द्वारे त्यांनी सहज ओलांडली. सातव्या द्वारी जय आणि विजय या द्वारपालांनी आपल्या हातातील वेताच्या काठ्या आडव्या घालून त्यांना अडविले. पुढे शाप झाला, आणि हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू, रावण-कुंभकर्ण, शिशुपाल-दंतवक्त्र असे तीन जन्म त्या दोघांना भोगावे लागले.

ही कथा आपण शाप आणि उःशाप यांच्यासाठी ऐकतो. परंतु द्वारपालांचा अपराध नेमका कोणता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. दार राखणे हा त्यांचा अपराध नव्हता. ते तर त्यांचे नेमून दिलेले काम होते. समोरच्याचे बाह्य रूप पाहून त्यांनी निर्णय केला, विचारपूस केली नाही, आणि ज्यांच्यापासून कसलेही भय नव्हते त्यांच्यापुढे काठी उगारली. जेथे शब्द पुरेसा होता तेथे काठी आली.

यापुढचा प्रसंग तर अधिकच मोलाचा आहे. कोलाहल कानी पडताच प्रत्यक्ष भगवान लक्ष्मीसह पायी चालत द्वारापाशी आले. त्यांनी सेवकांची बाजू घेऊन ऋषींना दटाविले नाही, आणि 'हे माझ्या नकळत घडले' असे म्हणून अंगही काढून घेतले नाही. सेवकांनी केलेला अपमान हा आपणच केलेला अपमान आहे, कारण सेवकाचा दोष लोक धन्याच्याच नावावर लावतात, असा त्यांच्या बोलण्याचा आशय आहे. ज्या देवस्थानाच्या दारी रक्षक उभा आहे, ज्या मंडळाच्या मंडपात तो नेमला आहे, त्या संस्थेने हा प्रसंग सोन्याच्या अक्षरांनी कोरून ठेवावा. रक्षक ठेकेदाराकडून आला आहे, एवढे म्हटल्याने संस्थेचा नैतिक भार उतरत नाही.

नामदेवरायांसाठी फिरलेले देऊळ

आता पुराणातून आपल्या भूमीत येऊ. औंढ्याच्या देवळाची एक ओळख अशी की, तेथे नंदी नेहमीच्या जागी, समोर नाही. तो मागच्या बाजूस आहे. याचे कारण परंपरा सांगते ते असे. नामदेवराय औंढ्यास आले आणि देवळापुढे कीर्तनास उभे राहिले. आपल्या पूजाअर्चेस अडथळा होतो म्हणून तेथील अधिकाऱ्यांनी त्यांना हटविले आणि मागे जावयास सांगितले. नामदेवराय निमूटपणे मागे गेले, तेथेच त्यांनी नामघोष आरंभिला. आणि देऊळच फिरले, देवाचे मुख भक्ताकडे झाले.

नामदेवरायांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. देऊळ फिरल्याचा हा प्रसंग त्या पदांतूनही येतो, आणि तेथे नामदेवराय आपल्याला हीन म्हणून हिणविल्याचे, मारून उठविल्याचे सांगतात व विठ्ठलाकडे दाद मागतात. नरसीपासून घुमानपर्यंत, मराठी मुलखापासून पंजाबपर्यंत, सातशे वर्षे ही व्यथा गाइली जात आहे.

या कथेचा चमत्कार ज्याचा त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. पण तिच्यातला बोध सर्वांसाठी एकच आहे. ज्याने कोणास इजा केली नव्हती, जो केवळ गात होता, त्याच्यावर देवाच्या दारात हात उचलला गेला. तेव्हा देवाने दार राखणाऱ्यांची बाजू सोडली. देवळाची व्यवस्था देवासाठी आणि भक्तासाठी असते; ती व्यवस्थाच भक्तावर धावून जाऊ लागली तर देव त्या व्यवस्थेकडे पाठ फिरवितो.

आणखी एक गोष्ट येथे स्पष्ट केली पाहिजे. जातीचे कारण काढून कोणास देवळात येऊ न देणे हा आज गुन्हा आहे. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरीचे विठ्ठल मंदिर हरिजनांसाठी खुले व्हावे म्हणून दहा दिवस उपोषण केले. पुढे राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण अधिनियमाने असा प्रतिबंध दंडनीय ठरविला. म्हणून एखाद्या रक्षकास वरिष्ठांनी तसा हुकूम केला, तरी तो त्याने पाळता कामा नये. अशा कामी थोडेसे बळसुद्धा अयोग्यच होय.

आजचा द्वारपाल

आपण रांगेत उभे असताना या रक्षकाकडे क्वचितच माणूस म्हणून पाहतो. तो बहुधा आपल्यासारख्याच एखाद्या गावचा असतो. पावसाने दगा दिला, जमीन अपुरी पडली, शिक्षण अर्ध्यावर राहिले, म्हणून मराठवाड्यातील कितीतरी तरुण पुणे, मुंबई, छत्रपती संभाजीनगर येथे जाऊन रक्षकाची नोकरी धरतात. बारा बारा तास उभे राहणे, रात्रीची जाग, कोणाचाही शब्द ऐकून घेणे, हे त्यांच्या वाट्यास येते. त्यांच्या घरी आईवडील आहेत, लहान मुले आहेत. एका क्षणाच्या संतापात त्यांच्या हातून काठी बसली तर फौजदारी खटला त्यांच्यावर होतो आणि चूल त्यांच्या घरची विझते. म्हणून बळाची मर्यादा हा विषय जितका भाविकांच्या हिताचा, तितकाच त्या रक्षकाच्याही हिताचा आहे.

या व्यवसायासाठी शासनाने कायदे केले आहेत. महाराष्ट्रात १९८१ साली खाजगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचे नियमन आणि कल्याण यांसाठी अधिनियम झाला व त्यान्वये सुरक्षा रक्षक मंडळे आली. पुढे संसदेने २००५ साली खाजगी सुरक्षा अभिकरणांच्या नियमनाचा अधिनियम केला. तो १५ मार्च २००६ पासून अमलात आला. या कायद्यानुसार परवान्यावाचून अशी संस्था चालविता येत नाही. रक्षक अठरा वर्षांहून लहान नसावा आणि पासष्ट वर्षांहून मोठा नसावा, त्यास प्रशिक्षण मिळालेले असावे, त्याच्यापाशी छायाचित्रासह ओळखपत्र असावे, अशी बंधने आहेत. सैन्याचा किंवा पोलिसांचा गणवेश, अथवा तसा भासणारा पोशाख, रक्षकास घालता येत नाही. घातल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. यामागील हेतू उघड आहे. पोशाखाचा धाक दाखवून नसलेला अधिकार गाजविला जाऊ नये.

केंद्र शासनाने २००६ साली काढलेल्या आदर्श नियमांत नव्या रक्षकासाठी शंभर तासांचे वर्गातील आणि साठ तासांचे प्रत्यक्ष कामाचे शिक्षण ठरविले गेले. त्या विषयांत लोकांशी वागणूक, गर्दीचे नियंत्रण, अग्निशमन, प्रथमोपचार आणि स्वसंरक्षणाच्या हक्काची ओळख यांचा समावेश होता. त्याच नियमांत रक्षकाच्या जवळ काय असावे तेही सांगितले होते: डाव्या खिशात दोरीला बांधलेली शिटी, आणि सोबत एक टिपणवही व लेखणी. शिटी धोक्याची सूचना देण्यासाठी, वही घडलेले लिहून ठेवण्यासाठी. नियम करणाऱ्यांनी रक्षकाच्या हाती प्रथम ही साधने दिली, यातच त्याच्या कामाचे सार आले. पाहावे, सावध करावे, नोंद करावी आणि ज्यांचा अधिकार आहे त्यांना बोलवावे.

कायदा किती बळ देतो

पुष्कळांचा समज असा असतो की, गणवेश चढविला की मारण्या-धरण्याचा अधिकार आपोआप प्राप्त होतो. हा समज सर्वस्वी चुकीचा आहे. बळ वापरण्याच्या बाबतीत खाजगी रक्षकाचा अधिकार आपल्यासारख्या सामान्य नागरिकाइतकाच आहे. त्याहून तिळभरही अधिक नाही.

हा सामान्य नागरिकाचा अधिकार मात्र लहान नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या ३४ ते ४४ या कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क सांगितला आहे. तो केवळ स्वतःच्या देहापुरता नाही. दुसऱ्या कोणाच्याही देहाचे आणि मालमत्तेचे रक्षण करण्यासाठीही तो वापरता येतो. दर्शनास आलेल्या वृद्धेवर कोणी हल्ला केला, तर रक्षकाने मध्ये पडून हल्लेखोरास आवरणे सर्वथैव योग्य आहे.

पण या हक्कास तीन कुंपणे आहेत. पहिले कुंपण असे की, बचावासाठी जेवढे आवश्यक तेवढेच बळ. त्याहून अधिक इजा करण्याचा हक्क कायदा देत नाही. दुसरे असे की, सरकारी यंत्रणेकडे धाव घेण्यास वेळ असेल तर स्वतः हात उचलण्याचा हक्क उरत नाही. तिसरे असे की, देहावरील संकटाची रास्त भीती आहे तोपर्यंतच देहरक्षणाचा हक्क. भीती सरली की हक्कही सरला. पळणाऱ्याला, हात जोडणाऱ्याला किंवा जमिनीवर पाडलेल्याला मारणे हा बचाव नव्हे, तो सूड होय. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात या हक्काची तत्त्वे एकत्र मांडली. संकटात सापडलेल्या माणसाने सोनाराच्या काट्यावर तोलून प्रहार करावा अशी अपेक्षा न्यायालय करीत नाही. परंतु गरजेच्या मानाने सर्वस्वी अवाजवी असलेला प्रतिकारही ते मान्य करीत नाही. क्षणाच्या धांदलीला न्यायालय सवलत देते, संतापाला देत नाही.

पकडून ठेवण्याचेही असेच आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४० व्या कलमानुसार, आपल्या डोळ्यांदेखत अजामीनपात्र व दखलपात्र गुन्हा करणाऱ्यास कोणीही नागरिक पकडू शकतो. मात्र विनाकारण विलंब न लावता, आणि फार तर सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या स्वाधीन केले पाहिजे. गर्दीत मंगळसूत्र हिसकावून पळणाऱ्यास रक्षकाने धरले, तर ते कायद्यास धरूनच आहे. त्याला घट्ट धरावे, निसटू देऊ नये, पोलिसांना कळवावे, साक्षीदारांची नावे लिहून घ्यावीत. पण त्याला खांबाला बांधून बडविणे, कार्यालयात कोंडून त्याच्याकडून कबुली घेणे, त्याची धिंड काढणे, हे स्वतंत्र गुन्हे होत.

आता देवळाबाहेरच्या नित्याच्या प्रसंगाकडे पाहू. एखाद्या पोराने चपलांचा जोड उचलला, आणि लोकांनी त्याला घेरले. पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या वस्तूची चोरी प्रथमच करणाऱ्याने ती वस्तू परत केली, तर त्यास समाजसेवेची शिक्षा द्यावी, अशी तरतूद नव्या संहितेने केली आहे. उलट देवळातील मूर्तीच्या चोरीस सात वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगितली आहे. कायद्यानेही अपराधाअपराधांत एवढा विवेक केला असताना, जोडाचोरास मूर्तिचोराप्रमाणे झोडपणे कोणत्या धर्मात बसते? तेथे रक्षकाचे खरे काम चोराला मारण्याचे नसून जमावाच्या मारापासून त्याला वाचविण्याचे आहे.

अंगझडतीचा प्रश्नही असाच नाजूक. दारात पिशवी पाहू देण्याची विनंती करता येते. नकार देणाऱ्यास आत न सोडता पोलिसांकडे पाठविता येते. बळजबरीने झडती घेण्याचा अधिकार खाजगी रक्षकास नाही. स्त्रियांच्या तपासणीसाठी स्त्री रक्षकच असली पाहिजे, आणि तीही आडोशाला, मर्यादेने.

गर्दीवर काठी का चालत नाही

आपल्या महाराष्ट्राने यात्रेतील दोन दुर्दैवी दिवस पाहिले आहेत. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या कुंभमेळ्यात, रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवरील चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. २५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यातील मांढरदेवीच्या यात्रेत, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्यांवर माणसे घसरली, मागची माणसे त्यांच्यावर आली, आणि तीनशेच्या आसपास जीव गेले. घरून देवीला निघालेली माणसे परत आलीच नाहीत. त्या घरांत यात्रेचा दिवस आजही श्राद्धासारखा येत असेल.

अशा ठिकाणी काय घडते ते समजून घेतले पाहिजे. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसे दाटली की गर्दी माणसांची राहत नाही; ती पाण्यासारखी वागू लागते. मागचा धक्का लाटेसारखा पुढे येतो. पुढच्या माणसाला थांबावयाचे असते, पण थांबता येत नाही. छाती फुगविण्यास जागा उरत नाही आणि उभ्या उभ्या श्वास कोंडतो. अशा वेळी पुढच्या रांगेवर काठी चालविली तर काय होते? पुढचे मागे रेटतात, मागच्यांना पुढचे काही दिसत नाही म्हणून ते पुढेच रेटतात, आणि मधली माणसे, म्हणजे बहुधा मुले, स्त्रिया आणि वृद्ध, चिरडली जातात. ज्याच्यावर काठी पडते तो निरपराध असतो, आणि ज्याने धक्का दिला त्याच्यापर्यंत काठी पोहोचतच नाही.

म्हणून गर्दी सांभाळण्याची खरी जागा दारात नसून दारापासून फार मागे आहे. रांग दूरवरच थोपविणे, तिचे लहान लहान गट करणे, येण्याची व जाण्याची वाट वेगळी ठेवणे, निसरडी जागा पुसणे, ध्वनिक्षेपकावरून शांतपणे सांगत राहणे, हे उपाय माणसे वाचवितात. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१४ साली सामूहिक मेळ्यांतील गर्दीच्या व्यवस्थापनासाठी मार्गदर्शक पुस्तिका काढली. तिचाही भर दंडुक्यावर नसून पूर्वनियोजनावर आहे. बेकायदा जमाव बळाने पांगविण्याचा हुकूम देण्याचा अधिकार कायद्याने कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना आणि विशिष्ट दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यांनाच दिला आहे. खाजगी रक्षकाने आपल्या मनाने लाठीमार करणे हे त्याच्या अधिकारात बसत नाही. दर्शनाच्या रांगेला तर जमाव म्हणणेही पाप आहे.

बळाच्या पायऱ्या

मग रक्षकाने हात बांधून उभे राहावे काय? मुळीच नाही. बळाला पायऱ्या असतात, आणि शहाणा रक्षक एकेक पायरी चढतो. पहिली पायरी त्याच्या उपस्थितीची. नीट गणवेशात, ताठ, जागरूक उभा असलेला मनुष्य निम्मे काम नुसत्या उभे राहण्याने करतो. दुसरी पायरी वाणीची. 'माय, जरा थांबा, खाली पायऱ्या अरुंद आहेत,' 'दादा, लेकरू खांद्यावर घ्या,' 'काका, इकडून बाहेर चला' या शब्दांनी जे साधते ते ढकलण्याने साधत नाही. तिसरी पायरी उघड्या हाताची. आडवा हात धरून थोपविणे, आधार देऊन बाजूला नेणे. चौथी पायरी धरून ठेवण्याची. तीही दुसऱ्यास इजा होत असेल तेव्हाच. यापलीकडचा प्रहार केवळ जीव वाचविण्यासाठी, आणि जीव वाचला की तेथेच संपणारा. या सर्व पायऱ्यांवर पोलिसांना बोलाविण्याचे दार उघडे असते. ज्या पायरीवर काम भागले तिच्या पुढे जाऊ नये आणि संकट ओसरताच खाली उतरावे. चढणे जितके महत्त्वाचे, तितकेच उतरणेही.

देवस्थानांनीही आपला वाटा उचलावा. रक्षक नेमताना संस्थेचा परवाना पाहावा, रक्षकाचे प्रशिक्षण झाले आहे की नाही हे विचारावे, उत्सवापूर्वी त्याला दारे, वाटा आणि प्रथमोपचाराची जागा दाखवावी. त्याला पाणी मिळावे, बसावयास घटकाभर सवड मिळावी, पाळी बदलावी. उपाशी, थकलेल्या आणि अपमान सोसलेल्या माणसाचा हात लवकर उठतो. काही अनुचित घडलेच तर ते वहीत नोंदवून चौकशी करावी. झाकून ठेवू नये. सेवकाचा दोष आपल्या माथी घेणाऱ्या वैकुंठनायकाचा आदर्श येथे डोळ्यांपुढे ठेवावा.

आणि आपण भाविकांनी काय करावे? रांग मोडून पुढे शिरण्यासाठी ओळख सांगू नये. थोपविणाऱ्या रक्षकास शिवीगाळ करू नये. मागून रेटू नये. आपला एक धक्का पुढे कोणाच्या तरी छातीवर जाऊन आदळतो. रक्षकाने मर्यादा ओलांडलीच, तर हातघाईवर न येता त्याच्या ओळखपत्रावरील नाव व संस्थेचे नाव पाहून घ्यावे आणि देवस्थानाकडे व पोलिसांकडे तक्रार करावी. आपण दर्शनास जातो तेव्हा धैर्य हेही एक बेलपत्र समजून सोबत न्यावे.

पंढरीस महाद्वारी नामदेवांची पायरी आहे, आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी. ज्या नामदेवरायांना एका दारातून मारून उठविले, त्यांनी शेवटी दुसऱ्या दारातच जागा मागून घेतली. ती कोणास अडविण्यासाठी नव्हे, येणाऱ्या प्रत्येक संताच्या पायाची धूळ मस्तकी पडावी म्हणून. दारात उभे राहण्याची याहून थोर रीत मराठी मनाला ठाऊक नाही. आपल्या गावातून कोठे तरी दूर शहरात दार राखावयास गेलेल्या प्रत्येक मुलाला ही रीत आठवो. त्याच्या हातची काठी आधाराची ठरो. आणि येत्या शिवरात्रीस नागनाथाच्या त्या अरुंद पायऱ्या उतरणारी प्रत्येक माउली सुखरूप वर येवो, हीच त्या भोळ्या शंकराच्या चरणी प्रार्थना.

हर हर महादेव!